डॉक्टरांची फियाट

वाई गावात कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका अरुंद आळीत एक जुना वाडा आहे. त्या वाड्याच्या सोप्यालगत पूर्वी बैलांचा गोठा होता. बैल गेले, गव्हाणी गेल्या, आणि त्या जागी गेली कित्येक वर्षे एक मोटार उभी आहे. तिचा मूळचा रंग फिकट निळा. परंतु उन्हाने, पावसाने आणि कौलांतून झिरपणाऱ्या धुळीने तो आता नेमका कोणता राहिला आहे, याविषयी घरात एकमत नाही. माई त्याला आकाशी म्हणतात. त्यांचे चिरंजीव राखी म्हणतात.

मोटार फियाट ११०० या जातीची. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना होता. तेथून ती १९६८ साली बाहेर पडली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी स्थापन केली, आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन कुर्ल्याला या मोटारी बनू लागल्या. काही वर्षांनी याच मोटारीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे देशी नाव मिळाले. मुंबईची जुनी काळीपिवळी टॅक्सी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिचे रूप निराळे सांगावयास नको. त्या टॅक्सींपैकी शेवटचीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. वाईची मोटार मात्र टॅक्सी नव्हती. ती डॉक्टरांची होती.

डॉक्टर म्हणजे माईंचे यजमान. त्या काळी आसपासच्या गावांना दवाखाने नव्हते. अपरात्री कोणी कंदील घेऊन दाराशी आला की डॉक्टर अंगावर कोट चढवीत आणि मोटार काढीत. मेणवली, धोम, पसरणी, भुईंज, कोठेही जावे लागे. त्या मोटारीचा आवाज गावकऱ्यांच्या इतका ओळखीचा झाला होता, की ती वेशीशी येण्यापूर्वीच घरातली माणसे पाणी तापत ठेवीत. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर आधी पोहोचले की आधी आवाज पोहोचला, हे सांगणे कठीण असे.

डॉक्टरांची एक सवय मोठी विलक्षण होती. प्रत्येक रोग्याचा जसा ते कागद ठेवीत, तसा त्यांनी मोटारीचाही ठेवला होता. एका लांबट, तांबड्या कापडी बांधणीच्या वहीत तारीख, लक्षण, कारण आणि उपाय असे चार रकाने आखलेले असत. ‘चढावर धाप लागते’, ‘सकाळी उठण्यास कुरकुर’ अशी लक्षणे त्यांनी आपल्या बारीक, तिरप्या अक्षरात नोंदविली होती. मोटारीविषयी असे लिहिणाऱ्याला कोणी हसेल. पण त्या वहीत एकही रकाना रिकामा सोडलेला नाही. कारण सापडल्यावाचून उपाय लिहावयाचा नाही, असा त्यांचा नियम होता.

डॉक्टर गेले. वही माईंच्या कपाटात गेली. मोटार गोठ्यात राहिली. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास असत. सणासुदीला वाईस आले की ते मोटार बाहेर काढून बाजारापर्यंत एक फेरी मारीत, आणि पुन्हा ती गोठ्यात लावीत. अशाने मोटार टिकते, असा त्यांचा समज होता.

एका दिवाळीच्या सुट्टीत मात्र मोटारीने बंड केले. बाजारच्या फेरीत ती गचके देऊ लागली. सुरळीत चालणाऱ्या इंजिनाला एक ठेका असतो. या ठेक्यातली एखादी मात्रा मध्येच गळू लागली. मागच्या नळीतून काळा धूर आला आणि पाठोपाठ बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. चौकातल्या म्हशी उधळल्या. मिस्त्री लोक या दुखण्याला ‘मिसिंग मारणे’ म्हणतात.

काकांचे, म्हणजे चिरंजीवांचे, धोरण त्याच रात्री जेवताना ठरले. मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण जवळ आले होते. त्यासाठी कर भरावयाचा, तपासणी करून घ्यावयाची. “परवा माईला पाचगणीला मावशीकडे न्यायची आहे,” ते म्हणाले. “पसरणीचा घाट ही चढली, तर पुढची पाच वर्षे ठेवू. नाही चढली, तर भंगारवाल्याला निरोप धाडतो. आणि आता हिच्यापायी एक पैसाही अधिक खर्च व्हायचा नाही.”

माई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ताटातली कोशिंबीर उगाच एका बाजूची दुसऱ्या बाजूस केली. पंक्तीच्या टोकाला बसलेल्या बारा वर्षांच्या नातवाने मात्र ते पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांना बोलावणे गेले. उस्ताद डॉक्टरांच्या वेळेपासून ही मोटार पाहत आलेले. वय सत्तरीच्या पलीकडे. हात अजून घट्ट, पण डोळे अधू झालेले. जवळचे बारीक काही त्यांना दिसत नसे. म्हणून ते येताक्षणीच नातवाला म्हणाले, “बेटा, आज तू माझे डोळे व्हायचंस.”

बॉनेट उघडले. आता आत काय आहे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. त्यावाचून पुढची हकीकत कळावयाची नाही.

या इंजिनात एका ओळीत चार नळ्या आहेत. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक नळीत एक दट्ट्या वरखाली होतो. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण नळीत येते, दट्ट्या ते दाबून अगदी थोड्या जागेत कोंबतो, आणि नेमक्या त्या क्षणी वरून एक ठिणगी पडते. मिश्रण भडकते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. मोटार चालते ती या ढकलण्यावर. ठिणग्यांनाही पाळी असते: प्रथम पहिली नळी, मग तिसरी, मग चौथी, मग दुसरी. पाळी चुकली तर सगळा कारभार बिघडतो.

ही ठिणगी पाडणारा जो लहानसा दूत नळीच्या माथ्यावर बसविलेला असतो, तो स्पार्क प्लग. बोटभर लांबीचा. वर चिनी मातीसारखा पांढरा, खाली पोलादी, आटे पाडलेला. त्याच्या पोटातून एक धातूची काडी खालच्या टोकापर्यंत जाते, आणि तिच्यासमोर दुसरी एक वाकडी काडी बसविलेली असते. या दोहोंत अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक मोकळी जागा ठेवतात. बॅटरीचा दाब बारा व्होल्टचा. कॉइल नावाचे उपकरण त्याचे हजारो व्होल्ट करते, आणि एवढ्या दाबाची वीज ती मोकळी जागा उडी मारून ओलांडते. ती उडी म्हणजेच ठिणगी. १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने अशा प्रकारची पद्धत मोटारीसाठी यशस्वी करून दाखविली. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदात पंचवीस ठिणग्या पाडाव्या लागतात. तासाभराच्या प्रवासात नव्वद हजार झाल्या. त्यांतल्या दहावीस चुकल्या तर कोणास कळत नाही. शेकड्यांनी चुकू लागल्या म्हणजे चौकातल्या म्हशी उधळतात.

उस्तादांनी चारही प्लग पान्याने सोडवून एका फडक्यावर ओळीने मांडले. “बघ आणि सांग,” ते म्हणाले.

“काळे आहेत, चाचा. चारही.”

“ओले काळे की कोरडे?”

नातवाने बोट लावून पाहिले. “कोरडे. काजळीसारखे.”

“मग तेल नाही. तेल असतं तर इंजिन उघडावं लागलं असतं.”

प्लगचा चेहरा पाहून इंजिनाचे पोट ओळखता येते, हे वैद्यांच्या जीभ पाहण्यासारखेच आहे. टोक फिकट तपकिरी असले तर सारे ठीक. तेलकट काळे असले तर दट्ट्याच्या कड्या झिजून तेल वर येत आहे. पांढरेफटक, भाजल्यासारखे असले तर प्लग वाजवीपेक्षा अधिक तापतो आहे. आणि कोरडी काजळी असली तर एक तर पेट्रोल जास्त येत आहे, ठिणगी दुबळी आहे, किंवा प्लग पुरेसा तापतच नाही.

“हे प्लग घेतले कुठून?” उस्तादांनी विचारले.

काका म्हणाले, “पुण्याला एका दुकानातून, गेल्या वर्षी. दुकानदार म्हणाला, आटे बसले की झालं. सगळे प्लग सारखेच.”

उस्तादांनी दुकानदाराला काही म्हटले नाही. त्यांनी माईंकडे पाहिले. “माई, डॉक्टरसाहेबांची वही आहे का हो?”

माई लगबगीने आत गेल्या.

सगळे प्लग सारखे नसतात. बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन प्लग स्वभावाने अगदी उलट असू शकतात: एक ‘गरम’, दुसरा ‘थंड’. भर उन्हात अनवाणी घरी निघालेल्या मुलाचे घर जवळ असेल तर त्याचे पाय थोडेच भाजतात, दूर असेल तर पुष्कळ भाजतात. प्लगचे तसेच आहे. टोकाशी लागलेली आच पांढऱ्या भागातून वर जाऊन पोलादी कवचात, आणि तेथून इंजिनाच्या माथ्यात निघून जाते. पांढऱ्या भागाचे नाक लांब असेल तर आचेला दूरचा रस्ता चालावा लागतो. ती टोकाशी रेंगाळते आणि प्लग गरम राहतो. नाक आखूड असेल तर आच झटकन निसटते आणि प्लग थंड राहतो.

यातले चांगले कोणते? असा प्रश्नच चुकीचा आहे. टोकाची उष्णता साधारण चारशे अंश सेल्सिअसच्या वर असली पाहिजे. तरच त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. पण ती साडेआठशे अंशांच्या फार पुढे गेली तर लाल झालेले टोकच निखाऱ्यासारखे मिश्रण अवेळी पेटवते, आणि इंजिनाचा नाश होतो. शर्यतीच्या मोटारींचे इंजिन भयंकर तापते. त्यांना थंड प्लग लागतात. वाईच्या बाजारात फेरी मारून गोठ्यात परतणाऱ्या म्हाताऱ्या मोटारीला तेच थंड प्लग दिले तर ते कधी तापतच नाहीत. त्यांच्यावर काजळी साचते, आणि काजळीतून वीज वाहते. म्हणजे उडी मारावयाच्या ऐवजी ती काजळीच्या पायवाटेने मुकाट निघून जाते. ठिणगी पडत नाही.

गरम कोणता आणि थंड कोणता हे प्लगवरच्या आकड्यावरून ओळखावयाचे. पण येथे कारखानदारांनी ग्राहकांची चांगलीच परीक्षा पाहिली आहे. जपानच्या एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. चॅम्पियन कंपनीच्या नेहमीच्या प्लगवर नेमके उलट. आकडा मोठा तर प्लग गरम. बॉश कंपनीने तर आपलाच जुना रिवाज पुढे फिरविला. तिच्या जुन्या प्लगवर मोठा आकडा थंडपणाचा होता, नव्या प्लगवर तो गरमपणाचा झाला. तेव्हा एका कंपनीचा आकडा मनात धरून दुसऱ्या कंपनीचा प्लग उचलणाऱ्याची फसगत ठरलेलीच. आट्यांची लांबीही पाहावी लागते. ती जास्त झाली तर प्लग दट्ट्याला जाऊन भिडेल. कमी झाली तर ठिणगी नळीत पडण्याऐवजी भोकातच पडेल.

वही आली. उस्तादांनी ती नातवाच्या हाती दिली. तिच्या पहिल्याच पानावर, चौकटीत, डॉक्टरांनी प्लगची कंपनी, आकडा आणि मधले अंतर लिहून ठेवले होते. काकांच्या प्लगवरचा आकडा निराळा होता. काका वहीकडे पाहत राहिले. ही वही त्यांच्या घरात असताना त्यांनी परक्या दुकानदाराला विचारले होते.

उस्तादांनी आपल्या ओळखीच्या एका जुन्या दुकानातून वहीतल्याप्रमाणे चार प्लग आणविले. काकांनी पैसे दिले, पण “हे शेवटचे” असे दोनदा म्हणाले.

नव्या प्लगमधील अंतर तपासावयाचे होते. हे काम डोळ्यांचे; म्हणून ते नातवाकडे आले. पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा असतो, त्याला फिलर म्हणतात. प्रत्येक पात्याची जाडी त्याच्यावर कोरलेली असते. ०.६ चे पाते दोन काड्यांमध्ये घालावयाचे. ते किंचित अडखळत, पण न अडकता सरकले पाहिजे. न सरकले तर बाहेरची काडी हलकेच वाकवावयाची. आतल्या काडीला आणि पांढऱ्या भागाला जोर लावावयाचा नाही, असे उस्तादांनी तीनदा बजावले.

पहिला प्लग झाला. दुसरा झाला. मुलाला मोठी धन्यता वाटत होती. तिसरा हाती घेतला, तेवढ्यात अंगणात फटाका वाजला. हात दचकला. प्लग निसटला, आणि गोठ्याच्या दगडी फरशीवर पडून एकदा उसळला.

आवाज फार झाला नाही. उस्ताद पलीकडे तारा पुसत होते. मुलाने प्लग उचलला. काड्या वाकल्या नव्हत्या. पांढरा भाग जेथे पोलादाला भेटतो तेथे केसाएवढी रेघ दिसली. ती आधीची होती? धुळीची होती? त्याने बोटाने पुसली. ती गेली नाही.

“झालं का रे बेटा?”

“झालं,” तो म्हणाला, आणि प्लग पुढे केला.

उस्तादांनी चारही प्लग आधी हातानेच आटे धरेपर्यंत फिरविले. फियाटच्या इंजिनाचा माथा ॲल्युमिनियमचा, पान्याने घाई केली तर आटे खराब होतात. मग पान्याने बेताने आवळले. काकांनी किल्ली फिरविली. इंजिन लागले. ठेका असा स्वच्छ, की माई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. “हाच,” त्या म्हणाल्या. “हाच आवाज.”

त्या रात्री मुलाला झोप लागली नाही. इंजिन तर चांगले चालले; मग ती रेघ काहीच नसेल, असे तो स्वतःला समजावीत होता. सांगितले तर नवा प्लग आणावा लागेल. आणि ‘एक पैसाही अधिक नाही’ हे शब्द त्याने ऐकले होते. मोटार वाचविण्यासाठी गप्प राहावे, असे त्याला वाटले. माणूस गप्प राहण्याचे ठरवितो तेव्हा त्याला कारण नेहमी चांगलेच सापडते.

सकाळी चौघे निघाले: काका चालविण्यास, माई त्यांच्या शेजारी, मागे उस्ताद आणि नातू. वाई ते पाचगणी अंतर सुमारे बारा किलोमीटर. परंतु पसरणी गाव मागे पडले की रस्ता डोंगराला वेढे घालीत वर चढू लागतो. सपाटीवर मोटार झकास धावली. घाटाची पहिली दोन वळणेही तिने घेतली. तिसऱ्या वळणानंतर चढ वाढला, काकांनी पेट्रोलवर पाय दाबला, आणि मोटारीने गचका दिला.

पुन्हा एक. मग धडाधड. काकांनी गिअर खाली आणला. मोटार तीन पायांच्या घोड्यासारखी लंगडत एका कठड्यापर्यंत आली आणि उभी राहिली.

खाली कृष्णेचे खोरे पसरले होते. दूर धोमच्या जलाशयावर ऊन चमकत होते. कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते.

उस्तादांनी बॉनेट उघडले. इंजिन जागच्या जागी चालू केले, तर ठेका पुन्हा स्वच्छ! त्यांनी जाड कोरड्या फडक्यात धरून एकेका प्लगची तार क्षणभर काढून पाहिली. (तो अनुभवी हात होता, त्या तारेतला झटका भयंकर असतो, आणि मुलांनी तिच्या वाटेस जाऊ नये.) ज्या नळीची तार काढल्यावर इंजिनाचा आवाज पडत नाही, ती नळी मुळातच काम करीत नव्हती असे समजावयाचे. पण चारही वेळा आवाज पडला. म्हणजे चारही नळ्या काम करीत होत्या.

“आता थंड होऊ द्या,” उस्ताद म्हणाले. तापलेल्या ॲल्युमिनियममधून प्लग काढणे धोक्याचे. अर्धा तास गेला. माईंनी दाण्याचे लाडू काढले. मुलाच्या घशाखाली लाडू उतरेना.

मग प्लग निघाले. एकेक प्लग तारेला जोडून उस्तादांनी इंजिनावर टेकविला, आणि काकांना किल्ली फिरवावयास सांगितले. चारही प्लगांनी ठिणग्या दिल्या. उस्तादांनी पहिला प्लग मुलासमोर धरला. “पांढऱ्या भागाला कुठे रेघ दिसते का बघ.”

“नाही.”

“ह्याला?”

“नाही.”

तिसरा प्लग समोर आला. रेघ तेथेच होती. आता ती काळी झाली होती.

“ह्याला?”

“...नाही.”

उस्तादांनी चौथाही दाखविला आणि चारही परत बसविले. आपल्या डोळ्यांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. डोळे त्यांनी स्वतःच निवडले होते. “मग प्लगचा दोष नाही, भाऊसाहेब,” ते काकांना म्हणाले. “कॉइल गेली असेल, नाही तर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला आतून तडा असेल. जुनी गाडी, सामान लवकर मिळायचं नाही. शोधावं लागेल.”

काकांनी हात झटकले. “पुरे झालं उस्ताद. तुम्ही पुष्कळ केलंत.” मग माईंकडे न पाहता ते म्हणाले, “येणारी एस. टी. थांबवतो. तू आणि हा पाचगणीला जा. हिला उतारावरून मी वाईला नेतो, आणि आजच निरोप धाडतो.”

माई मोटारीतून उतरल्या नाहीत. त्यांनी फक्त पुढच्या फळीवर, जेथे डॉक्टरांची बॅग ठेवलेली असे, तेथे हात ठेवला.

“चाचा,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. “तिसऱ्या नळीचा प्लग माझ्या हातून पडला होता. काल. रेघ आहे त्याला. मघाशीही होती.”

वाऱ्याखेरीज कसलाच आवाज राहिला नाही. काकांनी वळून पाहिले. उस्ताद मात्र रागावले नाहीत की हसले नाहीत. रोग्याला विचारावे तसे त्यांनी विचारले, “कुठे पडला?”

“फरशीवर.”

“किती उंचीवरून?”

“एवढ्या.”

“रेघ कुठे? वर, की पोलादाजवळ?”

“पोलादाजवळ.”

“हं.” उस्तादांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे टोपी शाबूत आहे!”

झाले होते ते असे. मोकळ्या हवेत अर्धा मिलिमीटर उडी मारणे विजेला सोपे असते. थोड्याशा दाबाने ते साधते. पण नळीत मिश्रण दाबून भरलेले असते, आणि त्यातून उडी मारावयास कितीतरी पट अधिक दाब लागतो. मोटार उभी असताना नळीत मिश्रण थोडेच येते, म्हणून तेव्हाही काम भागते. चढावर पेट्रोल पूर्ण उघडले की नळी ठासून भरते, उडी अवघड होते, आणि विजेला तड्याची चोरवाट अधिक सोपी वाटते. म्हणून प्लग गोठ्यात शहाणा होता, किल्लीच्या परीक्षेत शहाणा होता, आणि घाटात तेवढा लबाड होता.

काका मुलाला म्हणाले, “काल का नाही सांगितलंस?”

“तुम्ही म्हणाला होतात, आता एक पैसाही नाही.”

काका काही बोलावयास निघाले होते, ते थांबले.

उस्तादांनी आपल्या पिशवीच्या तळातून एक पुरचुंडी काढली. आत मेणकापडात गुंडाळलेला एक जुना प्लग होता, स्वच्छ घासलेला. “डॉक्टरसाहेबांचा,” ते म्हणाले. “चांगला जुना प्लग एक नेहमी जवळ ठेवावा, असं ते म्हणायचे. मी ठेवला. अंतर तूच बघ.”

मुलाच्या हाताला कंप होता. त्याने कठड्यावर रुमाल पसरला, त्यावर प्लग धरला आणि पाते सरकविले. ते किंचित अडखळत सरकले.

तिसऱ्या नळीत तो प्लग बसला. मोटार निघाली. चढ आला, काकांनी पेट्रोलवर पाय दाबला, सगळ्यांनी श्वास रोखला. ठेका तुटला नाही. पुढचे वळण, त्याच्या पुढचे वळण, मग पाचगणीची झाडे. माई सगळा वेळ समोर पाहत होत्या, आणि त्यांचा हात त्या फळीवर ताल धरीत होता.

संध्याकाळी वाईस परतल्यावर काकांनी नूतनीकरणाचा अर्ज भरावयास घेतला. मुलाने माईंकडून तांबडी वही मागून घेतली. डॉक्टरांच्या तिरप्या अक्षराखाली बरीच पाने कोरी होती. त्याने पट्टीने चार रकाने आखले. तारीख लिहिली. लक्षण लिहिले: ‘पसरणी घाटात मिसिंग.’ मग ‘कारण’ या रकान्यापाशी त्याची लेखणी थोडा वेळ थांबली.

‘तिसऱ्या नळीच्या प्लगला तडा,’ त्याने लिहिले. आणि तेवढे पुरेसे न वाटून पुढे जोडले, ‘माझ्या हातून पडला. मी सांगितले नाही.’

उस्तादांनी त्या पानावर तर्जनी फिरविली. अक्षर त्यांना दिसत नव्हते. “कारणाचा रकाना भरलास ना?” त्यांनी विचारले.

“भरला, चाचा.”

“मग आता उपाय लिही.”